गवतावर वाळलेली फडकी

ही गोष्ट मी सहा वर्षं टाळली. कोणी विचारलं, "नाना, तुमच्या दुकानात त्या पापणीवाल्या मावशी होत्या, त्या का गेल्या हो?" की मी म्हणायचो, "गेल्या बुवा, जमलं नाही त्यांना." आणि लगेच दुसरा विषय काढायचो. आता मी बहात्तर वर्षांचा आहे. जमलं नाही ते त्यांना नव्हे, मला. ते कसं, हे मला लिहून ठेवायचं आहे. पण आधी मावशी कशा होत्या ते सांगायला हवं, नाहीतर मी काय केलं ते कोणाला नीट कळणार नाही.

नवापूरच्या बाहेर, हायवेला लागून पारसशेठचं दुकान आहे. तिथे गाड्या नुसत्या धूत नाहीत. रंगावरचे बारीक ओरखडे मशीनने घासून काढतात, त्यावर कोटिंगचा काचेसारखा थर चढवतात. डिटेलिंग म्हणतात त्याला. या सगळ्या कामात शेवटचा हात फिरतो तो मायक्रोफायबरच्या टॉवेलचा. आम्ही त्याला फडकंच म्हणायचो. पारसला ते आवडायचं नाही. "टॉवेल म्हणा हो, नाना, फडकं काय? गिऱ्हाईक ऐकतं." पण मावशींनी फडकं म्हटलं की तोही गप्प बसायचा, कारण त्या फडक्याची किंमत सगळ्या दुकानात त्यांनाच ठाऊक होती.

धुऊन वाळलेलं प्रत्येक फडकं घडी घालण्याआधी मावशी डोळे मिटून पापणीवरून फिरवायच्या. एकदा सुलट, एकदा उलट. दिवसाला साठ-सत्तर फडकी असायची आणि एकही त्यातून सुटायचं नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई घाम पुसतायत. मग विचारलं.

"हाताला घट्टे पडलेत, नाना," त्या म्हणाल्या. "हात खोटं बोलतो. पापणी खोटं बोलत नाय."

पापणीला काही टोचलं तर फडकं बाजूला. मग उजेडात धरून, नखांनी एकेक धागा विंचरून त्या तो कण शोधायच्या. कधी वाळूचा दाणा निघायचा, कधी वाळलेल्या पॉलिशचा खडा. मायक्रोफायबरचे धागे इतके बारीक असतात की जे धरतात ते सोडत नाहीत. असा एक कण काळ्या गाडीवरून फिरला तर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखी रेघ उमटते आणि दोन दिवसांचं काम पाण्यात जातं.

त्यांचं नाव मार्थाबाई. गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या डोंगरातल्या एका गावच्या. पन्नाशीच्या, म्हणजे माझ्याहून लहानच, पण सगळे मावशी म्हणायचे म्हणून मीही मावशी म्हणायचो. रविवारी प्रार्थना चुकवायच्या नाहीत आणि सोमवारी पहिल्या जीपने हजर. नवरा बार्डोलीकडे ऊसतोडीच्या पडावावर, म्हणजे तोडणाऱ्यांच्या झोपड्यांवर, आजारी पडून गेला होता. मुलगी आणि जावई दरवर्षी दिवाळी झाली की कोयते घेऊन तिकडेच जात. नात मावशींजवळ राहून शाळेत जायची.

"मी कोयता खाली ठेवला तो ठेवला," त्या सांगायच्या. "हे काम हाय तोवर पडावावर पाय ठेवायचा नाय. मी गेले की पोरीची शाळा गेली. मग ती पण तिकडं, मोळ्या बांधायला."

हे त्या रडून सांगत नसत. निळी फडकी निळ्या टबात टाकता टाकता सांगायच्या. आमच्याकडे तीन टब होते. निळी फडकी गाडीच्या रंगासाठी, पिवळी काचेसाठी, राखाडी चाकांसाठी. पारस सुरतेला हे काम शिकून आला तेव्हा त्याने मावशींना सगळं एकदाच सांगितलं होतं. फडकी वेगवेगळी धुवायची, सुती कापडात मिसळायची नाहीत, पाणी कोमट, साबण पातळ आणि थोडा, पिळायचं नाही, सावलीत वाळवायची. त्याने एकदा सांगितलं आणि विसरला. मावशी विसरल्या नाहीत.

एकदा आमच्या पॉलिशवाल्या दिलीपने इंजिनावरचं तेल निळ्या फडक्याने पुसलं. मावशींनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं, कात्रीने कोपरा कापला आणि फडकं राखाडी टबात टाकलं. कोपरा कापलेलं फडकं पुन्हा कधी रंगाला लागत नसे.

"आता हे चाकातलं," त्या म्हणाल्या.

दिलीप हसत पुढे आला. "मावशी, माझा पण कोपरा कापून टाका."

"तुझा कापलेलाच हाय. म्हणून तर तुला काच देत नाय."

सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत. त्या खरंच त्याला काचेची फडकी देत नसत.

दुसरी गोष्ट आठवते ती वासाच्या बाटलीची. पारसच्या आईने घरून कपड्यांना मऊपणा आणणारं सुगंधी औषध पाठवलं होतं. गिऱ्हाइकाच्या हातात फडकं दिलं तर कसा छान वास यावा, असा त्यांचा विचार. मावशी म्हणाल्या, नको. पारस म्हणाला, "आईने पाठवलंय, मावशी." मावशींनी वाद घातला नाही. एक फडकं त्या औषधात भिजवून धुतलं, एक आपल्या रीतीने. दोन्ही वाळल्यावर पारसला बोलावलं आणि त्याच्यासमोर बॉनेटवर पाणी ओतलं. सुगंधी फडक्याने पाणी नुसतं इकडून तिकडे ढकललं. दुसऱ्याने एका फेरीत सगळं पिऊन टाकलं.

"वास लावला की तहान जाते त्याची," मावशी म्हणाल्या.

पारसने बाटली घरी परत नेली. त्याच्या आईला काय सांगितलं कोण जाणे. मी मात्र त्या दिवशी मनात म्हटलं, या बाईला मालकाची भीती वाटत नाही, कारण ती आपल्या कामात कुठेही लपवाछपवी करत नाही. मला भीती वाटायची. ती कशाची, हेही सांगून टाकतो.

मी एसटीच्या डेपोत भांडारात नोकरी केली. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना. पारसच्या वडिलांची नवापूरच्या बाजारात जुनी पेढी. त्यांच्या ओळखीने मला दुकानावर खुर्ची मिळाली. आलेली गाडी लिहून घ्यायची, सामान काढून द्यायचं, फोन घ्यायचा. पारस मान द्यायचा, पण एकदा माझ्याकडून चावी हरवली आणि एकदा एका गिऱ्हाइकाला मी चुकीचा दिवस सांगितला. दोन्ही वेळा तो हसत म्हणाला होता, "नाना, आता घरी आराम करा ना." त्याच्या हसण्यामागे काय आहे ते मला कळत होतं. तिसरी चूक झाली की खुर्ची गेली. घरी, भिंतीकडे तोंड करून बसलेला म्हातारा मला व्हायचं नव्हतं. कारण एवढंच. याहून मोठं काही असतं तर निदान सांगताना बरं वाटलं असतं.

मावशींचा आणखी एक नियम होता. जमिनीला लागलेलं फडकं पुन्हा धुतल्याशिवाय वापरायचं नाही. आणि गवतावर तर कधीच टाकायचं नाही. दुकानामागे मोकळा प्लॉट होता. पावसाळ्यानंतर तिथे कमरेएवढं कुसळाचं गवत उभं राहायचं. आमच्याकडे डोंगरात काय, सपाटीवर काय, ओले कपडे गवतावर पसरायची रीतच आहे. माझी आईसुद्धा तसंच करायची. मी मावशींना तसं एकदा म्हणालोही.

"मी पण घरी लुगडं गवतावरच टाकते," त्या म्हणाल्या. "लुगडं झटकलं की कुसळ पडतं. हे फडकं धरून ठेवतं. हे विसरत नाय, नाना."

दिवाळीच्या आधीचे दिवस होते. पोल्ट्रीचा धंदा असलेल्या एका भाऊंची नवी काळी गाडी कोटिंगला आली होती. धनत्रयोदशीला ती त्यांच्या दारात उभी राहायची होती. पारस सामान आणायला सुरतेला गेला होता. आणि मावशींच्या बहिणीकडे भाताची कापणी निघाली होती. दोन वर्षांत मावशींनी पहिल्यांदा दीड दिवसाची सुट्टी मागितली होती. दुपारपर्यंत त्यांनी सगळी निळी फडकी धुतली, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोरीवर टाकली आणि पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या.

"नाना, पेटीत तपासलेली सहा हायेत. काळ्या गाडीला पुरतात. चार घड्या घालून वापरली की एकाच्या आठ बाजू होतात, दिलीपला सांगा. दोरीवरची काढू नका. वाळली तरी राहू द्या. मी आल्यावर बघून काढीन."

"बरं," मी म्हणालो.

त्या गेल्या. तासाभराने पारसचा फोन आला. "नाना, उद्याची काळी गाडी आहे ना, निळे टॉवेल भरपूर तयार ठेवा. कमी पडले तर भाऊंसमोर शोभा होईल. तुमच्यावर टाकतो हं." मी सहाचं काही बोललोच नाही. 'तुमच्यावर टाकतो' एवढंच कानात राहिलं.

मागे गेलो तर वारा सुटला होता. दोरी जुनी होती, ती तुटली होती आणि ओली फडकी शेडमध्ये मातीवर पडली होती. त्याच क्षणी ती सगळी उचलून पुन्हा टबात टाकायला हवी होती. पण पुन्हा धुतली असती तर संध्याकाळपर्यंत वाळली नसती. मी ती उचलली, झटकली, वरची माती निघाली असं मला वाटलं. दोरीला गाठ मारली, पण ती आता आखूड पडली, सगळी मावेनात. मागे प्लॉटवर लखलखीत ऊन होतं. मी फडकी नेऊन गवतावर पसरली. आईने लुगडी पसरावीत तशी. मला त्यात काही वाईट करतोय असं वाटलंही नाही. चारच्या सुमारास ती गोळा केली, पुन्हा झटकली, घड्या घातल्या आणि निळ्या पेटीत, त्या सहा फडक्यांच्या वर रचून ठेवली. पापणीला लावून पाहणं मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी मी ते केलं असतं का, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दिलीपने काळ्या गाडीवरून शेवटचा हात फिरवला. आत दिव्याखाली गाडी आरशासारखी दिसत होती. संध्याकाळी भाऊ आले, गाडी बाहेर काढली, आणि उतरत्या उन्हात बॉनेटवर, छतावर, दोन्ही दारांवर रेघाच रेघा. भाऊ दोनदा गाडीभोवती फिरले.

"कोंबडं चाललं का माझ्या गाडीवरून?" मग ते म्हणाले. "माझ्याकडे वीस हजार पक्षी आहेत, पण मी एकाला गाडीजवळ येऊ दिलं नाही!"

पारस सुरतेहून नुकताच उतरला होता. त्याने दिलीपच्या हातातलं फडकं घेतलं, उजेडात धरलं आणि नखांनी त्यातून काहीतरी ओढून काढलं. कुसळाचं टोक. मग दुसरं. मग पेटीतल्या वरच्या प्रत्येक फडक्यातून.

"धुतं कोण तुमच्याकडे?" भाऊंनी विचारलं. पारसने सांगितलं. "मग बरोबर," ते म्हणाले. "डोंगरातल्या बाया. गवतावरच वाळवणार. त्यांना काय कळतं काळ्या गाडीचं?"

मी खुर्चीतच होतो. तेव्हाच बोललो असतो तर पुढचं काही झालं नसतं. मी वहीत डोकं घातलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या. कापणीहून थेट. पारसच्या घरी द्यायला आणि मला द्यायला नव्या तांदळाची एकेक पुरचुंडी आणली होती. माझी माझ्या टेबलावर ठेवली. "नवा हाय, नाना. पाणी कमी घाला." तेवढ्यात पारसने हाक मारली.

आम्ही चौघं आत होतो. पारस, दिलीप, मावशी आणि मी. पारसने हातावर कुसळ ठेवून त्यांच्यापुढे धरलं.

"हे काय आहे, मावशी?"

"कुसळ."

"कुठून येतं?"

"गवतातून."

"म्हणजे टॉवेल गवतावर टाकले होते."

"मी नाय टाकले."

"मग उडत गेले का?"

मावशी मागे शेडमध्ये गेल्या. आम्ही वाट पाहत उभे होतो. त्या परत आल्या.

"दोरी तुटली होती," त्या म्हणाल्या. "कोणी तरी जोडलीय. ती गाठ माझी नाय."

पारस चिडून हसला. "गाठीवर नाव लिहिलेलं असतं का?"

"नाव नसतं, शेठ. ज्याने बांधली त्याला माहीत असतं."

आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आपण एखाद्याला बोलायला जागा करून देतो, तसं.

पारसही माझ्याकडे वळला. "नाना, तुम्ही होतात त्या दुपारी. तुम्ही सांगा. काय पाहिलंत?"

बाहेर पाण्याचं मशीन चालू होतं, ते कोणीतरी बंद केलं. मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं." एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण पारस अजून बघत होता, म्हणून मी पुढे म्हणालो, "मावशी घाईत होत्या, एवढं खरं."

हे खरं होतं. त्यांना जीप गाठायची होती, त्या घाईतच होत्या. उभं आयुष्य भांडारात मालाची नोंद केली, पण खऱ्या गोष्टीचा इतका खोटा वापर मी कधी केला नव्हता.

मावशींनी माझ्यावरची नजर काढली. मग पारसला विचारलं, "राखाडी भिजत पडलीत परवापासून. ती काढून जाऊ?"

"राहू द्या," पारस म्हणाला. "जा तुम्ही."

त्यांनी आपली कात्री तेवढी घेतली आणि गेल्या. दारात दिलीप "मावशी..." म्हणाला.

नवा तांदूळ मी घरी नेला. बायकोने त्याचा भात केला. मी ताटावर बसून राहिलो.

"काय व्हयनं?" तिने विचारलं. "नवा तांदूय शे, गोड शे. खातस का नही?"

मी तिला सगळं सांगितलं. घरात सांगणं सोपं असतं. तिने माझं ऐकून घेतलं, ताट उचललं आणि म्हणाली, "मन्हासमोर रडीसन काय उपेग? तिले सांगा जाईसन."

मी म्हणालो, जातो. पण जायला मी दीड वर्ष लावलं.

त्या दीड वर्षात काय झालं ते थोडक्यात सांगतो. हायवेवर गाड्या धुण्याची आणखी तीन-चार दुकानं होती. मावशी तिथे गेल्या होत्या. पण काळ्या गाडीची गोष्ट त्यांच्याआधी तिथे पोहोचली होती. "गवतावर फडकी टाकणारी बाई ना?" असं एकाने त्यांना तोंडावर विचारलं म्हणे. दिवाळीनंतर त्या मुलगी-जावयाबरोबर पडावावर गेल्या. नातीला आश्रमशाळेच्या वसतिगृहात टाकलं. त्यांच्या गावाकडचा जीपवाला येता-जाता मला हे सांगायचा. मी विचारत नसे, तरी सांगायचा.

दुकानात नवी बाई आली. फडकी कडक व्हायला लागली, पाणी पिईनाशी झाली. पारस चिडचिड करायचा. पापणीला लावून बघणारं कोणी नव्हतं.

मग एका मे महिन्यात, ऊसतोडीवाली माणसं गावी परतली तेव्हा, मी जीपमध्ये बसलो. डोंगराच्या पायथ्याशी उतरून वर चढत गेलो. वाटेत वाक्य जुळवत होतो. मावशींचं घर कौलारू, दारावर लाकडी क्रूस, समोर आंब्याचं झाड. त्या अंगणात बसून सुपात डाळ निवडत होत्या. बऱ्याच वाळल्या होत्या. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत बारीक पांढऱ्या रेघा होत्या. उसाची पाती लागून अशा रेघा उठतात. मला त्या बघवेनात.

"या नाना. बसा." त्यांनी पाणी दिलं, कोरा चहा ठेवला. नातीचं विचारलं तर म्हणाल्या, "आत्याकडे गेलीय सुट्टीत. वसतिगृहात रडते म्हणे. पण शाळा चालू हाय." मग चहाचा कप माझ्यापुढे ठेवून त्यांनी विचारलं, "काय काम काढलं?"

"काही नाही. सहज."

"सहज कोणी उन्हाचा डोंगर चढत नाय."

मी चहा प्यायलो. त्यांनी डाळीचं सूप बाजूला ठेवलं.

"त्या दिवशी मी गेल्यावर वारा सुटला होता ना?" त्या म्हणाल्या.

"हो."

"दोरी जुनीच होती. मी शेठला दोनदा सांगितलं होतं, नवी आणा."

"हो, सांगितलं होतं."

एवढं बोलून त्या थांबल्या. पुढचं वाक्य माझं होतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. त्यांनी डाळ पुन्हा हातात घेतली नाही, उठल्या नाहीत, दुसरीकडे पाहिलं नाही. नुसत्या बसून राहिल्या. त्यांनी मला त्या दिवशी दुकानात दिला होता त्याहून कितीतरी जास्त वेळ दिला. आणि मी तोंड उघडलं.

"मावशी," मी म्हणालो, "फडकी कडक होतात हल्ली. पाणी पीत नाहीत. काय करावं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ, ते मला मोजता आलं नाही. मग त्यांनी सूप मांडीवर घेतलं आणि डाळ निवडत निवडत सांगायला लागल्या.

"पावडर टाकत असेल ती. पावडर विरघळत नाय, धाग्यात बसते. पातळ साबण घ्या, एवढासाच. आणि बोअरचं पाणी खारं हाय तिथलं, पांढरं धरतं. शेठने ती आंबट पाण्याची बाटली आणली होती ना, सिरक्याची? कोमट पाण्याच्या बादलीत त्याची दोन टोपणं. भिजू द्या. मग फेस जाईपर्यंत पाणी बदला, कंटाळा करायचा नाय. एका दिवसात मऊ व्हायची नाय. तीनदा करा."

मी खिशातून छोटी वही काढली आणि लिहून घेतलं. होय, लिहून घेतलं. दोन टोपणं, तीनदा.

रस्त्यापर्यंत त्या माझ्याबरोबर उतरून आल्या. वाटेत मी एकदा ठेचकाळलो तर त्यांनी दंडाला धरलं. जीप दिसली तेव्हा त्यांनी विचारलं, "अजून काही विचारायचं राहिलं का, नाना?"

"नाही," मी म्हणालो आणि जीपमध्ये चढलो.

त्यांच्या रीतीने धुतल्यावर फडकी तिसऱ्या दिवशी मऊ झाली. पारसने माझ्या पाठीवर थाप मारली. "वाह नाना! तुम्ही शोधून काढलंत?" मी मान डोलावली. आज सगळं खरं लिहायचंच आहे, तर हेही लिहितो. ते मी शोधलं नव्हतं. ते मावशींचं होतं.

पुढच्या हंगामात मावशी पडावावर तापाने गेल्या. त्यांना गावी आणलं, माती दिली, आणि मला हे आठ दिवसांनी जीपवाल्याकडून कळलं. त्याच आठवड्यात मी खुर्ची सोडली. सोडताना पारसला सांगितलं की फडकी मी टाकली होती. तो भडकेल, मला चार शब्द बोलेल, असं मला वाटलं होतं. मला तेच हवं होतं. तो एवढंच म्हणाला, "जाऊ द्या नाना. आता काय त्याचं." त्याच्यापुरतं ते संपलं. ज्या खुर्चीसाठी मी गप्प बसलो होतो तिच्यावर दुसऱ्या दिवशी दिलीपचा भाऊ बसला.

मावशींच्या गावात आजही काही लोक म्हणतात की मार्थाबाईने हायवेवरची चांगली नोकरी आळसाने घालवली. त्यांच्या मुलीलाही तसंच वाटत असेल. तिच्यापर्यंत हे पोहोचावं म्हणून मी लिहितो आहे. कोणी तिला वाचून दाखवलं तर बरं होईल, कारण पुन्हा तो डोंगर चढलो तरी माझं तोंड उघडून त्यातून भलतंच काही निघेल, याची मला खात्री आहे.

त्या दिवशी चढाच्या वाटेने मी जे वाक्य जुळवत गेलो होतो, ते असं होतं. मार्थामावशी, दोरी तुटल्यावर फडकी गवतावर मी टाकली. गाठ माझी होती. तुम्ही घाईत होतात असं मी म्हणालो ते स्वतःला वाचवायला, आणि त्याने तुमचं काम गेलं. माझं चुकलं. मला माफ करा.